पुढची सीट आजोबांना द्या

मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी पहाटे आपण मोशी किंवा चाकणच्या चौकात उभे राहिलात, तर नाशिक महामार्गाने निघालेली उंच चाकांच्या गाड्यांची एक रांग दृष्टीस पडण्याचा संभव आहे. टपावर फावडी आणि दोरखंड बांधलेली थार, एखादी गुरखा, जुनी जिप्सी, क्वचित कुणी जिव्हाळ्याने जपलेली सिएरा. आठवडाभर याच पट्ट्यातल्या कारखान्यांत वाहनांचे सुटे भाग घडवणारे हात रविवारी वाहने डांबराबाहेर नेऊन पाहतात. पावसाळ्यातला चिखल वाळलेला असतो, ओढ्यांचे पाणी उतरलेले असते, ऊन सोसवणारे असते. म्हणून या छंदाचा कौटुंबिक हंगाम हिवाळाच. पावसाळ्यातला प्रकार निराळा. गोव्यात २०१४ पासून सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा ही कसलेल्या चालकांची गोष्ट आहे, तिथे वडीलधाऱ्यांना नेण्याचा विचार कुणाच्या मनातही येणार नाही. हिवाळी सहलीत मात्र डबे असतात, मुले असतात, आणि मागच्या सीटवर पुष्कळदा आजोबाही असतात.

त्या मागच्या सीटविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

आजोबांना जावेसे वाटते, हे नवल नाही. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ साली उभा राहिला. आकुर्डीत बजाज टेम्पो होती. १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो, १९९८ ची सफारी या गाड्या पुण्याच्या याच कारखान्यातून बाहेर पडल्या. सुमोचे नाव तर सुमंत मूळगावकरांच्या नावातील आद्याक्षरे जोडून घेतलेले. निगडी-प्राधिकरणात किंवा चिंचवडला आज निवृत्तीचे दिवस काढणाऱ्या अनेकांनी या गाड्यांचे आस जोडले, गिअरपेट्या बसवल्या, रंग दिला. आपण घडवलेली गाडी खडकावर चढते कशी, हे त्यांतल्या कितीकांनी कधी पाहिलेले नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, चला या रविवारी.’ सून म्हणते, ‘अहो, त्यांच्या पाठीचे काय?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. घराघरांत मग एक तर सरसकट नकार दिला जातो, नाही तर काहीही विचार न करता आजोबांना मागे बसवून गाडी सुटते. नकाराने माणूस हळूहळू खुर्चीला आणि दूरदर्शन संचाला बांधला जातो. अविचाराने मणका मोडू शकतो. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे आणि तो फार अवघडही नाही.

एस.टी.चे शेवटचे बाकडे

धक्का कोठे बसतो, हे आपल्या पिढीला शिकवण्याची गरज नाही. एस.टी.च्या शेवटच्या बाकड्यावर बसून ज्यांनी गाव गाठले आहे, त्यांना ते हाडामांसाने ठाऊक आहे. पुढच्या आणि मागच्या आसांच्या मधोमध बसलेला माणूस सर्वांत कमी उडतो. मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे बसलेला सर्वांत जास्त. जुन्या जीपमधली मागची आडवी बाकडी तर नेमकी चाकांच्या वरच असतात. तिथे बसलेल्या माणसाचा कणा वळलेला, हात टेकायला काही नाही, आणि गाडी कोणत्या क्षणी खड्ड्यात उतरणार हे दिसतही नाही. चालकाला खड्डा दिसतो, म्हणून त्याचे स्नायू आधीच सावध होऊन कण्याला आवळून धरतात. मागे बसलेल्याला ती सवड मिळत नाही.

धक्का बसतो तेव्हा घडते ते असे. चाक उंचवट्यावरून खाली येते, शरीर क्षणभर सीटपासून सुटते, आणि खाली येणाऱ्या शरीराला वर येणारी सीट भेटते. सारा भार पाठीच्या कण्यातून वर जातो. कण्याचा जो भाग बरगड्यांच्या ताठ पिंजऱ्यातून निघून कमरेच्या लवचीक भागाला मिळतो, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, तिथे हा भार सर्वाधिक जाणवतो. तरुण हाड तो झेलते. ठिसूळ झालेल्या हाडाचा पुढचा भाग दबून त्याची पाचर होते. बसमध्ये मागे बसलेल्या प्रवाशांचे मणके गतिरोधकावरून जाताना दबल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदल्या गेलेल्या आहेत. तिथे ना अपघात झाला होता, ना गाडी उलटली होती. केवळ एक उंचवटा आणि थोडा जास्त वेग.

एकाच मोठ्या धक्क्याची ही कथा. सतत चालणाऱ्या बारीक हादऱ्यांची कथा वेगळी. सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणारी वरखाली कंपने बसलेल्या मानवी देहाला सर्वांत जास्त बाधतात आणि कच्च्या वाटेवरच्या गाडीत नेमकी याच पट्ट्यातली कंपने मुबलक असतात. चाकण-तळेगावच्या रस्त्यावर अवजड वाहने हाकणाऱ्या चालकांना विचारा, कंबर कशी धरते ते. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात गाडीचा प्रत्येक सांधा तपासला जातो. चाकणला ए.आर.ए.आय.चे चाचणी केंद्र आहे, अहिल्यानगरजवळ व्ही.आर.डी.ई.चे खडबडीत चाचणीमार्ग आहेत. सत्तर वर्षांचा मणका मात्र कुणी तपासून मग वाटेवर आणत नाही. तो आपणच तपासून घ्यावयाचा.

उंची, पायजमा आणि एक तपासणी

मणका दबल्याचे पुष्कळांना कळतच नाही. ‘कंबर धरली’, ‘वात आला’ म्हणून तेल चोळले जाते आणि दुखणे काही आठवड्यांत ओसरते. मग खुणा शोधायच्या कशा? तरुणपणीच्या नोंदींतली उंची आणि आजची उंची ताडून पाहा. निवृत्तांच्या घरी नोकरीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद अजून सापडतो. त्यावर उंची लिहिलेली असते. चार सेंटिमीटरहून अधिक फरक पडला असेल, तर एखादा मणका आधीच दबलेला असण्याची शंका घ्यावी. पायजमा अलीकडे जमिनीवर लोळू लागला, लुगड्याच्या निऱ्या पायांत येऊ लागल्या, पाठीला बाक आला, हीही त्याचीच चिन्हे.

दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्यांनी महिनोन्महिने स्टेरॉइड घेतले आहे, ज्या स्त्रियांची पाळी लवकर थांबली किंवा गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले, ज्यांचा मनगटाचा किंवा खुब्याचा अस्थिभंग किरकोळ पडण्याने झाला होता, त्यांनी सहलीची तारीख ठरण्याआधी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. तिच्या अहवालात ‘टी-स्कोअर’ नावाचा आकडा असतो. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजतात. अशा व्यक्तीने डांबर सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. सहलीला येऊच नये असे नव्हे. डांबर सोडू नये. हा भेद पुढे कामाला येईल.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा बोलताना दम लागत असेल, तर आपल्या डॉक्टरांना नेमके सांगून विचारा. ‘फिरायला जाऊ का?’ असे विचारलेत तर ते हो म्हणतील. ‘कच्च्या वाटेवर दोन तास जीपमधून जाऊ का?’ असे विचारा.

निघण्याची वेळ कोण ठरवते?

तरुण मंडळींना पहाटे साडेपाचला निघायचे असते. थंडीच्या दिवसांत पुण्याच्या परिसरात पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. जागे होण्याच्या सुमारास तो तसाही वर चढत असतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या प्रहरात अधिक येतात, यामागे ही दोन्ही कारणे आहेत. त्यातून जीप उघडी असेल, तर वाऱ्याने थंडी दुप्पट भासते. माकडटोपीची नातवंडे थट्टा करतील, करू द्या.

माझी सूचना अशी, की आजोबांनी पहाटेच्या रांगेत सामील होऊ नये. त्यांनी घरी न्याहारी करावी, सकाळच्या गोळ्या घ्याव्यात आणि ऊन वर आल्यावर बंद मोटारीने डांबरी रस्त्याने राजगुरुनगर किंवा वाड्यापर्यंत यावे. एवढ्या वेळात तरुण मंडळी खडकांशी दोन हात करून चहाला थांबलेली असतात. तिथून पुढची, चालकाने आधी पाहिलेली चार-पाच किलोमीटरची सोपी वाट आजोबांनी त्यांच्यासोबत करावी. चासकमानच्या पाणलोटाच्या कडेने, भोरगिरीच्या दिशेने भातखाचरांच्या बांधांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा याच जातीच्या. हाडे ठिसूळ असणाऱ्या आजी डांबरी रस्त्याने थेट जेवणाच्या ठिकाणी येऊ शकतात. सहलीचा निम्मा आनंद तिथेच असतो.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट कधीही विसरू नका. गाडी रुतली की जेवण दोन तास लांबते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी काही औषधे घेऊन उपाशी राहिले की साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्या गोंधळात ‘बाबांना गाडी लागली’ असे समजून त्यांना मागे आडवे केले जाते. म्हणून खिशात साखर किंवा गूळ असावा, आणि तो कुठल्या खिशात आहे हे सोबतच्या एकाला तरी ठाऊक असावे.

गाडी लागू नये म्हणून घेण्याच्या गोळ्यांविषयी दोन शब्द. प्रोमेथाझिनसारख्या गोळीने तरुणाला थोडी पेंग येते. वृद्धाला मात्र तोल जाणे, भ्रम होणे, प्रोस्टेट वाढलेली असल्यास लघवी अडणे इथपर्यंत त्रास होऊ शकतो. सिनारिझिनने कंपवाताची लक्षणे वाढतात. घरच्या डब्यातली गोळी ‘अर्धी घ्या’ म्हणून देऊ नका. पुढे बसणे, दूरवर नजर ठेवणे आणि काच किंचित उघडी असणे हे उपाय अधिक निर्धोक.

आणि पाणी. वाटेत आडोसा मिळणार नाही या धास्तीने आजी पहाटेपासून पाण्याला स्पर्श करत नाहीत. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांनी असे केले, तर दुपारपर्यंत रक्तदाब घसरून घेरी येते. ती गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारता येते. दर दीड तासाने थांबण्याची अट क्लबच्या म्होरक्याला आधीच सांगावी. संकोच कसला? स्त्रियांसाठी एक जुनी छत्री आणि मोठी चादर एवढ्यावर आडोसा उभा राहतो.

गाडीत आणि गाडीखाली

आता मुख्य मुद्दा. आजोबांची जागा पुढे, चालकाशेजारी. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, सीट पुरेशी पुढे ओढून पाय जमिनीवर घट्ट रोवलेले. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न घेता ओटीपोटाच्या हाडांवर, मांड्यांच्या लगत. एका हातात मूठ, पण कोपर ताठ नसावे. पुढे बसल्याने खड्डा दिसतो आणि शरीर आपोआप सावरते. शिवाय चालकाला बाजूला कोण बसले आहे याचे भान राहते, हा फायदा लहान नाही.

चालकाने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, वेग कमी. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग निम्मा केला, तर ती चौथ्या हिश्शावर येते. फोर बाय फोर गाडीतला ‘लो रेंज’ यासाठीच आहे. दुसरी, कच्च्या वाटेला लागताना टायरमधली हवा कमी करणे. नरम टायर दगडावरून पसरत जातो आणि बराच हादरा स्वतः गिळतो. परत डांबरावर येण्याआधी हवा भरून घेणे मात्र अनिवार्य, अन्यथा वेगात टायर तापून फुटू शकतो. हवा भरण्याचा छोटा पंप गाडीत नसेल, तर हवा कमी करण्याचा उद्योगच करू नये.

वाट जिथे खरोखर बिकट असेल, तिथे आजोबांनी उतरावे आणि ती पन्नास पावले काठी घेऊन चालावीत. यात कमीपणा नाही. उलट गाडी चढताना बाहेरून पाहण्यातच खरी मौज, असे जाणकार सांगतील. प्रश्न उतरण्याचा आहे. या गाड्या उंच असतात आणि माझ्या मते वाटेवरच्या धक्क्यांइतकाच धोका दारापाशी असतो. घरातला एक भक्कम, चार पायांचा लाकडी स्टूल सोबत न्या. दार उघडल्यावर लगेच उभे राहू नये. बराच वेळ बसून उठताना रक्तदाब एकदम पडतो, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्यांचा तर विशेष. सीटच्या कडेला मिनिटभर बसावे, पावले हलवावीत, मग शिडीवरून उतरतो तसे गाडीकडे तोंड करून, मूठ धरून उतरावे. खुब्याचा अस्थिभंग हा या वयातला मणक्याहून मोठा शत्रू आहे.

उतरल्यानंतरची अडचण स्वभावाची. गाडी रुतली, दोर लावला गेला, की तीस वर्षे कारखान्यात काढलेला माणूस दूर उभा राहणे कठीण. तो जवळ जाऊन वाकून पाहणार, सूचना देणार. ताणलेला दोर किंवा विंचची तार तुटली, तर ती चाबकासारखी येते. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला, सर्वांनी थांबावे. आजोबांकडून सल्ला अवश्य घ्या. इंजिनाच्या आवाजावरून ते जे सांगतील ते पुस्तकात सापडणार नाही. पण तो दुरून.

धुळीचे काय? हिवाळ्यात या वाटांवर घोट्याएवढा फुफाटा असतो आणि रांगेतली प्रत्येक गाडी पुढच्या गाडीचा धुरळा खाते. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांची गाडी रांगेत आघाडीजवळ असावी, काचा बंद, आतलीच हवा फिरती ठेवलेली, आणि श्वासाचा पंप हाताशी. दुपारी हुरड्याची आगटी पेटली, तर धुराच्या उलट्या बाजूला बसावे. हुरडा आजोबांना द्यायचा का, हे त्यांच्या दातांवर आणि साखरेवर अवलंबून. मूठभर दिला तर आकाश कोसळत नाही.

जंगल कुठवर?

‘जंगलवाट’ म्हणताना थोडी स्पष्टता हवी. भीमाशंकरचे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले; शेकरूचे ते घर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. रस्ता सोडून गाडी घालणे तर दूरच. राखीव वनातही विनापरवाना घुसणे हा गुन्हा आहे. म्हणून क्लबला विचारा, की वाट कोणाच्या हद्दीतली आहे, ग्रामपंचायतीशी बोलणे झाले आहे काय, वनखात्याची परवानगी लागत असल्यास घेतली आहे काय. कायद्याचा हा प्रश्न आरोग्याच्या पाक्षिकात येतो, कारण चोरवाटेने गेलेला गट अडचणीत सापडल्यावर मदत मागायला कचरतो आणि तेवढ्यात वेळ निघून जातो.

मुक्कामाची सहल असेल, तर विस्मरण असलेल्या ज्येष्ठांना नेऊ नये. नव्या जागी रात्री त्यांना दिशा उमजत नाही. शिवाय खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत उसाच्या आधाराने बिबटे वावरतात. रात्री लघवीला एकट्याने तंबूबाहेर जाणे नको. वाळलेल्या गवतावर थेट आडवे होऊ नये, चटई अंथरावी. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हा ताप पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत आपल्याकडे आढळतो. सहलीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर गवतात बसल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

धक्का बसलाच तर

एखाद्या धक्क्यानंतर पाठीत तीव्र कळ आली, बसता-उभे राहता ती वाढत असेल आणि आडवे झाल्यावर थोडी कमी होत असेल, तर मणका दबल्याचेच गृहीत धरावे. चोळू नये, वाकवू नये, ओळखीच्या हाडवैद्याकडे नेऊ नये. कुशीवर वळवायचे झाल्यास डोके, खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे वळवावे. पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली वा नकळत झाली, तर तो मज्जारज्जूवरच्या दाबाचा इशारा. तिथे प्रत्येक तास मोलाचा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरापर्यंतच येईल आणि भीमाशंकरच्या कुशीतल्या दऱ्यांत दूरध्वनीला संपर्क मिळेलच असे नाही. शेवटचा संपर्क कोणत्या वळणावर मिळाला, हे वाटेत टिपून ठेवणारा एक माणूस गटात असावा. चाकण-राजगुरुनगरला प्राथमिक उपचार होतात, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पहिल्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही आणि दुखणे मात्र कायम राहिले, तर एम.आर.आय.विषयी विचारा, ताजा, किंचित दबलेला मणका साध्या चित्रात सुटू शकतो.

डोक्याला लागलेल्या टपल्याचे मात्र कुणी मनावर घेत नाही. गाडी उसळली, डोके वरच्या दांड्यावर आपटले, सगळे हसले, आजोबाही हसले. ते रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, जखम दिसो वा न दिसो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आवरणालगतच्या शिरा ताणलेल्या असतात, आणि त्यांतून होणारा रक्तस्राव इतका मंद असू शकतो, की लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर सहलीची आठवणही मागे पडलेली असते. म्हणून दिनदर्शिकेवर त्या रविवारी खूण करून ठेवा. पुढच्या महिनाभरात डोके दुखू लागले, दिवसा झोप वाढली, एक पाय ओढल्यासारखा पडू लागला, चहाचा कप हातून निसटू लागला किंवा बोलण्यात विसंगती आली, तर ‘वयच झाले आहे’ असे न म्हणता थेट रुग्णालय गाठा आणि त्या धक्क्याची तारीख सांगा.